नाव बदललेलं दुखणं

१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट मला ओरडून सांगायची नाही, म्हणून कागद घेतलाय. बाबांनी तुला काय कळवलं असेल ते मी न विचारता सांगते: थकवा आलाय, आराम चालू आहे. सगळ्या इमारतीत तेच सांगितलंय. समोरच्या काकू तर थकव्यावर रोज नवा काढा सुचवतात.

खरं असं की मी महिनाभर हॉस्पिटलात होते. मनाच्या हॉस्पिटलात.

डिसेंबरात सुरू झालं. झोप कमी झाली, पण थकवा म्हणून नाही. उलट इतकं बरं वाटत होतं, की आजवर मी अर्धवटच जगत होते असं वाटायचं. तलावावरच्या माझ्या वर्गांना आणखी तीन वर्ग जोडून घेतले. मुलांना पोहायला शिकवायची नवी पद्धत मला सापडली होती. म्हणजे मला तसं वाटत होतं. मुलं ज्या फळ्या धरून पाय मारायला शिकतात, त्या सगळ्या मी चेंजिंग रूमच्या छपरावर भिरकावून दिल्या. मग एका सकाळी लाइफगार्ड यायच्या आधी तलावाचं फाटक सताड उघडलं आणि बसथांब्यावरच्या माणसांना हात धरधरून आत आणलं. "या, आज सगळ्यांना पोहता येणार आहे!" माणसं हसत आली, आत्या. काही जण कपड्यांनिशी उतरले. त्यातल्या कितीजणांना पोहता येत होतं, मी विचारलंसुद्धा नाही. कोणाला काही झालं नाही, पण ती सकाळ अजून डोक्यातून जात नाही.

मॅनेजरबाईंनी बाबांना बोलावलं. बाबा मला टॅक्सीत बसवायला लागले, तर मी सगळ्यांसमोर म्हटलं, की तुम्ही माझ्यावर जळता.

त्यानंतर जे खाली गेले ते अजून पुरतं वर आलेले नाही. डॉक्टर म्हणाले, याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. वर्तमानपत्रात द्विध्रुवीय विकार लिहितात. मला शाळेतला भूगोलाचा तास आठवला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे?" आईनं बाबांकडे बघितलं. बाबांनी खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही."

घरात सगळ्यांत मोठी तू. तूच सांग. आपल्यात कोणाला बायपोलर होतं का?

तुझी
मासोळी


२२ फेब्रुवारी

चि. मासोळीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, डोळे पुसले, पुन्हा वाचलं. एवढं सगळं सोसलंस आणि मला थकवा म्हणून कळवतात! तुझ्या बापाला लहानपणापासून ही सवय आहे. गुडघा फुटला तरी म्हणायचा, पँट खराब झाली.

तू विचारलंस त्याचं उत्तर देते. बायपोलर हा शब्द मी तुझ्या पत्रातच पहिल्यांदा वाचला. आपल्या घरात हे कोणाला असल्याचं मला ठाऊक नाही. माझं दुखणं निराळं होतं, त्याचं नावही निराळं, आणि ते आता जुनं झालं. त्याचा तुझ्याशी काही संबंध लागेल असं वाटत नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

बसथांब्यावरची माणसं पाण्यात उतरवलीस हे वाचून मी घाबरले. आणि खरं सांगू, थोडी हसलेही. रागावू नकोस. आता कोणी बुडालं नाही ना, मग त्याच एका सकाळीभोवती फिरत बसू नकोस.

खायला नीट खात जा. डॉक्टर सांगतात ते ऐक. मी इकडे बरी आहे. हात थरथरतात, त्यामुळे अक्षर असं मुंग्या चालल्यासारखं. समजून घे.

तुझी
आत्या


९ मार्च

आत्या! आत्या! आत्या!

तुझ्या पत्रानं माझ्या डोक्यावरचा धोंडाच उतरवला! घरात कोणाला नाही म्हणजे नाहीच, डॉक्टरनंच सांगितलं होतं की हे बहुतेक वेळा घराण्यातून येतं, मग जर घराण्यात नाहीच तर माझ्यात आलं कुठून, बसथांब्यावरून? मी हे सरळ हिशेबानं मांडून बघितलं. तुझं दुखणं हातांचं, ते घड्याळं दुरुस्त करून करून झालं, बाबांनी सांगितलंय मला, त्याचा माझ्याशी काय संबंध, तू बरोबरच म्हणालीस!

आणि शब्द तरी काय आहे हा? तलावावरची माझी जोडीदारीण भेटली, मी तिला सांगितलं, तर म्हणते, अगं आपण सगळेच थोडे थोडे बायपोलर असतो, आजची हवासुद्धा बायपोलर आहे! मग मी एकटीनंच का गोळ्या खायच्या, हवेला द्या की! त्या गोळ्यांनी पाणी खळीसारखं घट्ट लागतं, हात मारला तरी सरकत नाही, पत्र लिहायला बसले तरी शब्द येत नाहीत, आणि आता बघ कसे येतायत! संध्याकाळची गोळी मी बंद केलीय. आईला वाटतं घेते. जिभेखाली धरते आणि बेसिनमध्ये सोडते.

मी एक ठरवलंय. ज्या ज्या बायका आयुष्यात कधी पाण्यात उतरल्या नाहीत, साठीच्या, सत्तरीच्या, सगळ्यांना मी शिकवणार, देशभर, आणि सुरुवात तुझ्यापासून! तुझ्या गावाबाहेर नदी आहे ना? मी येते. तिकीट बघते. कदाचित हे पत्र आणि मी एकदमच पोचू!

तुझी, तुझी, तुझीच
मासोळी


१४ मार्च

मासोळी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर तू माझ्यावर चिडलेली असशील. मी आजच तुझ्या बापाला फोन केला. तिकडून तो काय बोलला ते मला कळलं नाही, मी आपलं ओरडून सांगितलं: "ती गोळी थुंकते! आजच्या आज डॉक्टरकडे ने!" शेजारीण धावत आली, तिला वाटलं घरात चोर शिरला.

तुझं गुपित मी फोडलं. पण का, ते ऐकून घे आणि मग रागाव.

तुझं पत्र मी पहिल्या ओळीवर ओळखलं. तो सूर मला पाठ आहे. तसली पत्रं मी स्वतः लिहिलेली आहेत.

पत्र मिळालं तशी उठले आणि दवाखान्यात गेले. दर काही महिन्यांनी तिथं माझं रक्त तपासतात. तिथला डॉक्टर तरुण आहे, माझ्याशी जवळ येऊन मोठ्यानं बोलतो. मी विचारलं, "हे बायपोलर म्हणजे काय हो?"

तो म्हणाला, "थट्टा करताय का आजी?"

"थट्टा कशाला करू? भाचीला झालंय."

त्यानं माझे कागद चाळले. "तुम्हाला आहे तेच की."

"मला एम.डी.पी. आहे."

"त्याचंच हे नाव. बदलूनही खूप वर्षं झाली. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "मी विचारलंच नाही." आणि तिथल्या बाकावर बसून राहिले. मला रडू येत होतं, आणि मधेच हसूही. तू मला थेट विचारलंस, आणि मी छातीठोकपणे नाही म्हणून कळवलं! आणि त्या नाहीवर तू गोळी सोडलीस.

आता सगळं सांगते. घड्याळांच्या दुकानात मी वडिलांच्या हाताखाली काम शिकले. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग बसवायची. माझ्याइतका स्थिर हात वडिलांचाही नव्हता, हे तेच सांगायचे. मग तुझ्या वयाची असताना एक वसंत असा आला की मला झोप नकोशी झाली. किल्ली न देता कायम चालेल असं घड्याळ मी करणार होते. त्यासाठी गिऱ्हाइकांची दुरुस्तीला आलेली सगळी घड्याळं मी उघडली आणि चाकं, काटे, स्क्रू जमिनीवर मांडले. वडील आले तेव्हा मी मधोमध बसून गात होते. पुढे कित्येक महिने मी अंथरुणात होते. कंगवा उचलायचीही ताकद नव्हती.

गल्लीत म्हणायला लागले, वेडी. तुझा बाप तेव्हा शाळेत. पोरं त्याच्या कानाशी टिकटिक करायची. तो मारामारी करून यायचा आणि म्हणायचा, पडलो. तो आज खिडकीकडे बघतो, ते त्या दिवसांपासून. त्याच्यावर फार राग धरू नकोस.

पहिले डॉक्टर म्हणाले, उन्माद आहे. मग मी खाली गेले तर दुसरे म्हणाले, उदासपणाचा रोग आहे. दोन डॉक्टर, दोन रोग, आणि औषधं एकमेकांशी भांडायची. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात एका डॉक्टरबाईंनी सांगितलं, की हे दोन रोग नाहीत, एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत, याला मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस म्हणतात. पलंगाच्या पायथ्याशी पाटीवर एम.डी.पी. लिहिलं. शेजारच्या पलंगावरची बाई मला बरेच दिवस डॉक्टरीण समजत होती. तिला वाटलं, ती माझी पदवी आहे.

त्या डॉक्टरबाईंनी मला लिथियम दिलं. ते एक प्रकारचं मीठ असतं. त्या मिठानं मला माणसांत आणलं. आणि हात थरथरायला लागले, ते त्यामुळं. घड्याळांनी माझे हात बिघडवले नाहीत, मासोळी. सगळ्यांचे बिघडत नाहीत, माझे बिघडले. बारीक स्प्रिंग बसेना. वडील म्हणाले, औषध सोडून बघ. मी सोडून बघितलं. पुन्हा हॉस्पिटलात गेले. मग मी दुकानच सोडलं आणि शिलाई मशिनं दुरुस्त करायला शिकले. त्यातले स्क्रू मोठे असतात. घड्याळांसाठी मी खूप रडले. ते सोपं होतं असं तुला सांगणार नाही.

तुला पाणी घट्ट लागतं ना? ते डॉक्टरांना सांग. त्याच शब्दांत सांग. औषध कमी करता येतं, बदलता येतं, आता माझ्या वेळेपेक्षा किती तरी प्रकार आहेत. पण बेसिनला देऊ नकोस.

शिव्या द्यायच्या असतील तर पत्रातून दे. मी वाचीन.

तुझी
आत्या


३ एप्रिल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

मुलगी हॉस्पिटलात आहे. या वेळी लवकर नेलं, डॉक्टर म्हणतात, त्याचा फरक पडेल. तुझा फोन आला तेव्हा ती बॅग भरत होती. बॅगेत पोहण्याचे सात गॉगल आणि एकही कपडा नाही. तुझ्याकडेच निघाली होती.

आत जाताना ती मला म्हणाली, "आत्याला विचारा, तिला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला." तुला वाईट वाटेल, पण लपवत नाही. लपवायचं काम मी पुष्कळ केलं.

काल डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, घरात कोणाला आहे का. मी तुझं नाव सांगितलं. तू एवढी वर्षं कोणतं औषध घेतेस तेही सांगितलं. डॉक्टर लिहून घेत म्हणाले, "ही माहिती फार उपयोगाची आहे. पहिल्यांदाच का नाही दिलीत?" बायको म्हणाली, "त्यांना वाटत होतं, बोललं नाही तर होणार नाही."

ताई, मला खरंच तसं वाटत होतं.

तुझा
धाकटा


२० मे

आत्या,

घरी आले. लिहायला जड जातं. एवढंच लिहिते.

तुझ्यावर राग होता. आता राग यायलाही काहीतरी लागतं, ते नाही. गोळ्या घेते. आई समोर बसते. पाण्याच्या घट्टपणाचं डॉक्टरांना सांगितलं, एक गोळी बदललीय.

अंघोळ करायची म्हणजे मोठं काम. मी, आणि पाण्याला घाबरते.

मॅनेजरबाईंचा निरोप आला, जूननंतर भेटायला या. तिथं काय सांगू? थकवा म्हणू? वेड म्हणू? बायपोलर म्हटलं तर जोडीदारीण म्हणणार, हवासुद्धा तशीच आहे. तुझ्या वेळचा शब्द भीती घालायचा. माझ्या वेळचा शब्द कोणाला काहीच वाटू देत नाही. आणि मी स्वतः तरी काय म्हणायचं? मी बायपोलर आहे, की मला बायपोलर आहे? डॉक्टर एक बोलतात, मी दुसरंच बोलून जाते.

उत्तराची घाई नाही.

मासोळी


२८ मे

माझी मासोळी,

घाई नाही म्हणालीस, पण मी लगेच बसले. तू खाली आहेस हे मला अक्षरावरून दिसतं. तिथं जाऊन तुला हात देता येत नाही, पण एक सांगते: मी तिथं होते, आणि वर आले. स्वतःच्या जोरावर नाही. औषधानं, आणि माणसांनी मला सोडलं नाही म्हणून. अंघोळ जमत नसेल तर तोंड धू. तेही जमलं नाही तर उद्या धू. आणि मरणाचे विचार यायला लागले तर एकटी राहू नकोस, आईला हाक मार, अगदी त्या क्षणी. मला आले होते. मी बोलले, म्हणून आज लिहिते आहे.

आता तुझे शब्द. मी पुन्हा त्या तरुण डॉक्टरकडे गेले. आता तो मला बघितलं की पेन खाली ठेवतो. मी विचारलं, नाव का बदललं? तो म्हणाला, पूर्वी नुसती उदासी असणारे आणि वर-खाली दोन्ही होणारे, सगळ्यांना एकाच पोत्यात भरायचे. पुढे कळलं की दोघांचं दुखणं वेगळं, औषधही वेगळं लागतं. म्हणून दोन टोकं असलेल्याला हे नाव दिलं. शिवाय मॅनिक म्हटलं की लोकांना माथेफिरूच दिसायचा. आणि सायकोसिस, म्हणजे खरं-खोटं कळेनासं होणं, ते तर सगळ्यांना होतही नाही.

घरी येऊन मी विचार केला. वेडी म्हणायचे तेव्हा बोलणंच संपायचं. वेडीला काय विचारायचं? उन्माद म्हटलं तेव्हा निम्मंच दिसलं. एम.डी.पी.नं निदान दोन्ही बाजू एकत्र बांधल्या आणि मला औषध मिळालं. तुझ्या नावात दोन ध्रुव आहेत. मला ते थोडं खटकतं. कारण ध्रुवांवर मी थोडेच दिवस काढले. बाकीची सगळी वर्षं मशिनं दुरुस्त केली, भाजी निवडली, तुझे फ्रॉक शिवले. तरी नाव वाईट नाही. उद्या आणखी चांगलं सापडलं तर तेही घेऊ. डॉक्टरांना जसजसं कळतं तसतशी ते पाटी बदलतात. आपण काही पाटी नव्हे.

'मी आहे' की 'मला आहे'? मी 'मला आहे' म्हणते. मला चष्मा आहे, मला भाऊ आहे, मला हे आहे. पण दवाखान्यातली एक मुलगी ताठ मानेनं म्हणते, मी बायपोलर आहे. तिला ते शोभतं. तुला जे तोंडात बसेल ते बोल. दोन्ही जमेनात तर काही दिवस तिसरं काहीतरी बोल.

मॅनेजरबाईंना मात्र थकवा सांगू नकोस. नुसता शब्दही सांगू नकोस. तुला काय होतं, कशानं सुरू होतं, आणि तेव्हा त्यांनी काय करायचं, ते सांग. शब्द ऐकून माणूस नुसता घाबरतो नाही तर हसतो. काय करायचं ते कळलं की कामाला लागतो.

तुलाही माझंच ते मीठ, लिथियम, देत असतील तर पाणी भरपूर पी. हे मीठ घेणाऱ्यानं कोरडं पडायचं नाही. उन्हात काठावर उभी राहशील तेव्हा तर नाहीच.

तुझी
आत्या


१६ सप्टेंबर

प्रिय आत्या,

एवढे दिवस पत्र नाही, म्हणून घाबरली असशील. घाबरायचं काही नाही. मी कामावर आहे.

जुलैत मॅनेजरबाईंना भेटले. बाबा बरोबर आले. मला वाटलं बाहेर बसतील, तर खुर्ची ओढून शेजारीच बसले. मी सगळं सांगितलं. झोप कमी व्हायला लागते, मग मी भराभर बोलते, नवेनवे वर्ग मागते, आणि तेव्हा मला वाटतं की माझं काही बिघडलेलं नाही. बाई म्हणाल्या, "म्हणजे बिघडतं तेव्हा तुम्हालाच कळत नाही?" मी म्हटलं, "बऱ्याचदा नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय." त्यांनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "त्या सकाळचं मी विसरू शकत नाही." मी म्हटलं, "मीही नाही."

त्यांनी मुलांचे वर्ग दिले नाहीत. अजून दिलेले नाहीत. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. मी घरी येऊन रडले, पण ते साधं रडू होतं, तुला फरक माहीत आहे. सध्या मोठ्या माणसांचा वर्ग आहे, उथळ बाजूला, सकाळी फार लवकर नाही, आणि शेजारी दुसरा शिक्षक. माझी जोडीदारीण आता हवेला बायपोलर म्हणत नाही. परवा मी जरा जास्त हसले, तर हळूच येऊन म्हणाली, "काल झोपलीस ना?" मला आधी रागच आला. मग म्हटलं, "झोपले. विनोदच चांगला होता." ती विनोद ऐकून गेली.

कालचं सांगायचंय. माझ्या वर्गात एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत. दाराएवढा माणूस, पण पाणी छातीला लागलं की काठाची दांडी सोडत नाहीत. त्या सकाळी बसथांब्यावर ते होते की नाही, मला माहीत नाही. पण कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. मी पाठीखाली हात धरून तरंगायला शिकवत होते, तर ते म्हणाले, "बाई, एक विचारू? रागावू नका. तुमचं ते दुखणं मधेच पाण्यात उठलं तर?"

बाजूच्या दोघांचे कान टवकारले. मी म्हटलं, "ते असं क्षणात येत नाही. दिवस लागतात. आधी झोप जाते."

"आणि तुम्हाला कळतं?"

"प्रत्येक वेळी नाही. पण त्यांना कळतं." मी काठावरच्या शिक्षकाकडे आणि जोडीदारणीकडे बोट केलं. "त्यांना सगळं सांगून ठेवलंय. त्यांनी थांब म्हटलं की मी पाण्याबाहेर. भांडण नंतर."

त्यांनी विचार केला. मला वाटलं, आता उठून कपडे घालायला जातील. माझे हात मी त्यांच्या पाठीखाली तसेच ठेवले.

मग ते म्हणाले, "मी बस चालवायचो तेव्हा ब्रेक तपासणारा माणूस वेगळा असायचा. तपासलंय म्हणाला की आम्ही निघायचो." आणि दांडी सोडली.

मी हळूच हात काढून घेतले, आत्या. त्यांना कळलंच नाही. डोळे मिटून, पोट वर करून, तो एवढा मोठा माणूस निवांत तरंगत होता.

तुझी
मासोळी